पागात सापडलेले लावे

बाबा, आपण तळ दिला होता ती जागा आता कुंपणाच्या आत गेली आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू कुवेतमध्ये नोकरीला आहे, एगैलाला राहतो. फिंतासच्या त्या बाजूला तुमच्या वेळी नुसती वाळू होती. आता तिथे मोठमोठी दुकानं आहेत म्हणतो. मागच्या शुक्रवारी तो मित्रांबरोबर जहराच्या पुढे, मुतलाची चढण ओलांडून, आखाताच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जाऊन आला आणि काल त्याने फोनवर सांगितलं, तारेचं कुंपण आहे, शिकारीला बंदी आहे, पक्षी मात्र भरपूर आहेत. मी झाडांबद्दल मुद्दाम विचारलं. "आहेत ना, नाना. ओल्ड ट्रीज आहेत थोडी." मग त्याने विचारलं, "तुमचे बाबा तिथे बर्डवॉचिंगला जायचे ना?" मी हो म्हणालो. तेवढं खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही, आणि आज सकाळी कागद घेऊन बसलो आहे.

रुपये जाऊन दिनार आले, त्या वर्षाचा हिवाळा अजून लागायचा होता. अहमदीच्या क्वार्टरमध्ये आपण दोघं एका खोलीत राहत होतो. तुम्ही तेलकंपनीच्या स्टोअरमध्ये, मी तुमच्याच शब्दावर टायपिस्ट म्हणून नुकताच लागलेला, विशी ओलांडलेला. ऑक्टोबर सरत आला की तिथला दमट उकाडा एका सकाळी अचानक उतरायचा. तुम्ही दारात उभे राहून हवेचा वास घ्यायचात आणि म्हणायचात, "आता पाखरं येतील." त्या उघड्या मुलखात पाखरं कुठून येणार, असं मला वाटायचं. पण ती यायची. कंपनीच्या बंगल्यांच्या हिरवळीवर परीट पक्षी शेपूट हलवत फिरायचे, तारांवर वेड्या राघूंची रांग लागायची, आणि तुम्ही कामावर जाता जाता थांबून बघायचात. त्या वर्षी स्टोअरच्या नातूरने, म्हणजे तिथल्या पहारेकऱ्याने, तुम्हाला सांगितलं की खरी पाखरं बघायची तर उत्तरेला चला, माझ्या थोरल्या भावाचा तंबू तिथे असतो, तुम्ही माझे मेहमान. तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. भंगारात निघालेली ताडपत्री, स्टोव्ह, तांदूळ, घरचं सुकट आणि फिंतासला दर शुक्रवारी मासे मारायला न्यायचात तो पाग, एवढं सामान एका पिकअपमध्ये चढलं. बरोबर क्वार्टरमधली आपलीच चारपाच माणसं होती. त्यातला महाडकडचा गॅरेजमधला मेकॅनिक सगळ्यांत जिभेचा तिखट. पाग बघून तो म्हणाला, "चाचा, ह्यो कशाला? वाळूत बोंबील गावतात काय?" तुम्ही म्हणालात, "समुद्र हाय तिथं. तू गाडी बघ, जाळं मी बघतो."

त्या गुरुवारची संध्याकाळ अजून माझ्यासमोर आहे. आखाताचं पाणी ओहोटीला लांब गेलेलं, मैलभर चिखल चमकतो आहे आणि त्याच्या कडेला लांब पायांच्या गुलाबी पक्ष्यांची एक पट्टी. तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून चिखलात उतरता आणि ओरडून मला बोलावता. "हिकडं ये. बघ, निवट्या. आपल्या खाडीतल्यासारख्या निवट्या हितं पण हायत." चिखलावर उड्या मारणाऱ्या त्या डोळे वटारलेल्या माशांकडे तुम्ही असे बघता, जणू गावाकडचं कुणी बसमधून उतरलं आहे. किनाऱ्याच्या मागे अथलच्या झाडांचा एक पट्टा होता, आपल्या सुरूसारख्या बारीक पानांचा. त्या मुलखात जंगल म्हणावं असं तेवढंच. त्या झाडांत इतके पक्षी उतरले होते की झाडं आतून बोलत होती. डोक्यावर तुरा असलेला एक हुदहुद आपल्या ताडपत्रीपासून हातभर अंतरावर चोच खुपसत फिरत होता. मेकॅनिकने खडा उचलला तर तुम्ही त्याचा हात धरलात. "सुलेमान पैगंबरांचा जासूद हाय तो. त्याला मारतोस?" मेकॅनिक म्हणाला, "मी कुठं मारतोय, चाचा, खबर काय आणली ती विचारतोय." सगळे हसले, तुम्हीही. अंधार पडायच्या आधी एक परीट आला, तेव्हा तुम्ही मला हळूच म्हणालात की हा आता भातकापणीच्या वेळेला आपल्या खळ्यात पोचेल, आपल्याआधी. मला तेव्हा तुमचं हे पाखरांशी नातं जोडणं थोडं हास्यास्पद वाटायचं. आज लिहिताना वाटतं, त्या संध्याकाळइतकं निर्धास्त मी तुम्हाला नंतर कधी पाहिलं नाही.

रात्री नातूरच्या थोरल्या भावाने आपल्याला तंबूवर जेवायला बोलावलं आणि आपल्यासाठी मेंढा कापला. म्हातारा उंच, एका डोळ्यात फूल पडलेला, फार कमी बोलणारा. आपण कुठले कोण, हिंदी कारकून आणि मजूर, पण त्याने मोठ्या ताटात भातावर अख्खा मेंढा आणून ठेवला आणि स्वतः शेवटी बसला. आपल्या ताडपत्रीकडे परत येताना तुम्ही मला म्हणालात, "याची परतफेड कशी करायची?" तुम्ही ते विनोदाने म्हणाला नव्हतात. आपल्याकडे होतं काय, तांदूळ आणि सुकट. तुम्हाला झोप लागली नसावी, कारण पहाटे नमाजला मी उठलो तेव्हा तुम्ही आधीच बाहेर उभे होतात आणि झाडांच्या पलीकडच्या खुरट्या झुडपांकडे बघत होतात. झुडपं हलत होती. जवळ गेल्यावर दिसलं, लावे. रात्रभर उडून दमून उतरलेले, पिसं फुलवून झुडपांच्या बुंध्याशी बसलेले, माणूस पाच पावलांवर आला तरी न उडणारे. तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, "सलवा." अल्लाहने रानात भुकेल्यांसाठी धाडलेलं अन्न. तुमच्या तोंडावर मी जे पाहिलं ते लोभाचं नव्हतं, हे मी आजही कुणापुढे सांगेन. म्हाताऱ्याच्या ताटाचं उत्तर तुम्हाला मिळालं होतं.

तुम्ही पाग आणलात. खाडीत टाकता तसाच, एक कड दातात धरून, कमरेतून वळून तुम्ही तो झुडपावर टाकला आणि तो गोल उघडून शिशाच्या गोळ्यांसह खाली बसला. जाळ्याखाली झुडूप जिवंत झाल्यासारखं धडपडू लागलं. आम्ही सगळे पळत आलो. मेकॅनिक म्हणाला, "चाचा, उद्यापास्नं मला पण शिकवा, गॅरेज गेलं खड्ड्यात." मग एकामागून एक झुडूप. आम्ही पाखरं काढून द्यायचो, तुम्ही पाग झटकून पुढे जायचात. आणि इथेच, बाबा, ती चूक झाली, जी मासे मारणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. तुम्ही म्हणालात, "आत्ता कापायचे नाहीत. जिवंत ठेवू, मेहमान यायच्या वेळेला हलाल करू, ताजे राहतील." आम्ही ती पाखरं तांदळाच्या रिकाम्या गोणींत भरली, दाबून, जशी मासळी भरतो तशी. तोंडं बांधली. आणि ऊन चढेल म्हणून तुम्ही गोणपाट समुद्राच्या पाण्यात भिजवून त्यांच्यावर पसरलंत. मासळी वरून ओली ठेवली की टिकते. मासळीला सुरीही लागत नाही, ती मेलेलीच हलाल असते. आपल्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की पाखराला श्वास घ्यावा लागतो. नातूर खुशीत पिकअप घेऊन भावाला आणि त्याच्या दोन पाहुण्यांना सांगायला गेला, दुपारी हिंदींकडे जेवायला यायचं आहे.

तुमच्या सुरीबद्दल इथे लिहायला हवं. अहमदीत आपल्या लोकांत कुणी कोंबडी आणली की तुमच्याकडे यायची, बकरी ईदला बकरे यायचे. सुरी कुणीही चालवू शकतं. लोक तुमच्याकडे यायचे ते तुमच्या अंगठ्यासाठी. पाखरू हातात घेतलं की तुम्ही अंगठा त्याच्या छातीच्या हाडाखाली ठेवायचात, जीव आहे हे बोटाला कळलं की मगच बिस्मिल्लाह म्हणायचात, कारण मेलेल्यावर सुरी फिरवून ते हलाल होत नाही. एकदा एका सुपरवायझरने मान टाकलेली कोंबडी आणली होती, रस्त्यात टोपलीत चेंगरलेली. तुम्ही अंगठा ठेवून बघितलंत आणि ती त्याच्या हातात परत दिलीत. तो संतापला, आत्ता हलली होती म्हणाला. तुम्ही म्हणालात, "साहेब, हलली असंल. माझ्या हातात नाही हलली." त्यानंतर क्वार्टरमध्ये तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. मलाही मनातल्या मनात त्याचा अभिमान होता.

अकराच्या सुमारास स्टोव्हवर तेल चढलं. तुम्ही झाडाच्या सावलीत मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून बसलात, सुरी पाजळलीत, आणि मी पहिली गोणी सोडली. वरून वाफ आली. मी एक पाखरू काढून तुमच्या हातात दिलं. अंग गरम होतं. तुम्ही अंगठा ठेवलात, थांबलात, आणि ते बाजूला वाळूवर ठेवलंत. दुसरं दिलं, तेही तुम्ही बाजूला ठेवलंत. तिसऱ्याला थोडा जास्त वेळ दिलात. मी हात खाली घालून चाचपत होतो आणि हाताला एकही फडफड लागत नव्हती. दुसऱ्या गोणीतून पाचसहा जिवंत निघाले, तोंडाशी होते ते. त्यांच्यावर सुरी फिरली, रक्त उडालं, हाताला त्यांचा झटका बसला. बाकीच्यांना काहीच नाही. मेकॅनिक स्टोव्हजवळून उठून आला आणि त्याने वाळूवरचा ढीग बघितला. मग जहराच्या वाटेवर पिकअपची धूळ दिसली. तो म्हणाला, "चाचा, गरम हायत अजून." तुम्ही सुरीचं पातं पुसलंत. तो म्हणाला, "आत्ताच गेल्यात. लवकर करा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा होती, हे मी आयुष्यभर ठरवत आलो आहे. मी गोणीत हात घातला आणि पुढचं पाखरू तुमच्या हातात दिलं.

त्यानंतर तुम्ही अंगठा ठेवला नाहीत. बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर, सुरी, पुढचं. वाळूवर बाजूला ठेवलेलेही उचलून घेतलेत. मानेतून रक्त येत नव्हतं, काळपट ओल फक्त. मेकॅनिकने ते घाईघाईने सोलले, मसाला जास्त घातला. पिकअप आली, म्हातारा उतरला, हात धुतले. ताट समोर आलं तेव्हा त्याने, तिथे विचारतात तसं सहज, नातूरला काहीतरी विचारलं आणि नातूरने हिंदीत आपल्याला सांगितलं, "पूछता है, किसने काटा?" तुम्ही म्हणालात, "मैंने." म्हाताऱ्याने तुमच्याकडे बघून एकच शब्द विचारला, "हलाल?" त्याला दुभाष्या लागला नाही. तुम्ही म्हणालात, "हलाल."

मला तुमची लाज वाटली, बाबा. पत्रात मला लिहायचं होतं ते हेच. अशी लाज, की मान वर करून त्या माणसाच्या चांगल्या डोळ्याकडे बघता येईना. तुम्ही हात आवरता घेतला होतात, पोट ठीक नाही म्हणालात, पण तिथला रिवाज तुम्हाला माहीत होता. म्हाताऱ्याने स्वतः छातीचा मऊ तुकडा तोडला आणि तुमच्यापुढे ठेवला, आणि एक माझ्यापुढे. तुम्ही तो खाल्लात. माझ्याकडे न बघता. मग मीही खाल्ला. लाव्याचं मांस गोड असतं, हे मला आजही आठवतं आणि आठवल्याचीही लाज वाटते. जेवण झाल्यावर म्हातारा खुलला. नातूरच्या तोंडून त्याने सांगितलं की गेल्या साली त्याच्या मुलांनी असेच लावे धरून पोत्यात कोंबले आणि सगळे गुदमरून मेले. कुत्र्यांची चंगळ झाली, पाहुण्यांनी खजूर आणि ताक घेतलं आणि अजून त्या पोरांना त्यावरून चिडवतात. तो हे सांगताना हसत होता. आपल्यापैकी कुणी हसलं की नाही, मला माहीत नाही. मी तुमच्या हातांकडे बघत होतो. ते मांडीवर अगदी स्थिर होते.

पुढच्या शुक्रवारी मेकॅनिकच कोंबडी घेऊन दारात आला. मला वाटतं तो तुम्हाला सांगायला आला होता की काही बिघडलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "हात थरथरतो आता माझा. दुसऱ्या कुणाला सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं, कोंबडी काखेत घेतली आणि गेला. बातमी क्वार्टरभर झाली. लोकांना वाईट वाटलं. कुणी दवाखान्यात चला म्हणालं, तिथल्या डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिला आणि काही नाही म्हणाला. पलीकडच्या ब्लॉकमधल्या बाईने मुलाबरोबर तिळाच्या तेलाची बाटली पाठवली, रोज चोळा म्हणून निरोप दिला. आणि तुम्ही चोळायचात. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, धडधाकट हाताला तेल चोळत बसायचात. मी आत टाइपरायटिंगच्या सरावाचं पुस्तक उघडून बसलेलो. मग एकदा फिंतासला तुम्ही पाग टाकलात, नेहमीसारखा, पूर्ण गोल, आणि मागून मेकॅनिक म्हणाला, "चाचा, पागाला हात थरथरत नाय वाटतं." त्याने ते नेहमीच्या चेष्टेनेच म्हटलं असेल. तुम्ही पाग ओढलात, गुंडाळलात, आणि त्यानंतर समुद्रावर गेला नाहीत. तुमच्याकडे त्या देशात तेवढीच एक चैन होती.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगू शकलो असतो. त्याच हिवाळ्यात कुवेत शहरात, मिरकाबला कामाला गेलो असताना एका मशिदीत हैदराबादचे एक वयस्क मौलवी भेटले. मी दुसऱ्या कुणाचं म्हणून सगळं विचारलं. ते म्हणाले, "जिन्हें मालूम नहीं था, उन पर कुछ नहीं. जिसे मालूम था, वह तौबा करे. दरवाज़ा खुला है, मियाँ, आदमी ही अंदर नहीं जाता." हे वाक्य घेऊन मी अहमदीला परत आलो. तुम्ही दारात बसला होतात. म्हाताऱ्यावर काही नाही, एवढं मी म्हटलं असतं तरी तुमची निम्मी रात्र हलकी झाली असती. पण ते म्हणायचं तर मला दिसलं होतं हे म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या हातांनी तुम्हाला पाखरं दिली होती हेही. मी जेवलात का विचारलं. तुम्ही हो म्हणालात. मग माझी मुंबईला वर्तमानपत्रात नोकरी लागली, तुम्ही काही वर्षांनी गावी आलात, आणि तिथेही कुणी कोंबडी आणली की तुमचं तेच उत्तर. तुम्ही गेलात तेव्हा मी रात्रपाळीवर होतो. गावी पोचलो तेव्हा तुम्हाला माती दिली होती.

निवृत्त झाल्यावर मी गावातच राहिलो. तुमचा मुलगा म्हणून लोक माझ्याकडे येऊ लागले, कोंबडी घेऊन, ईदला बकरा घेऊन. पहिल्याच वेळी माझ्या तोंडून हात थरथरतो हे तुमचं वाक्य बाहेर पडलं. विचार करून नाही. आता ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "बापाचंच आलंय," म्हणतात. बकरी ईद चार दिवसांवर आली आहे. शेजाऱ्याने अंगणात बकरा बांधला आहे, त्याचं ओरडणं लिहिताना ऐकू येतं. दरवर्षीप्रमाणे तो आदल्या संध्याकाळी येईल, मला जमत नाही हे माहीत असूनही, मान ठेवायचा म्हणून विचारेल, "नाना, यंदा तरी?" मी उजवा हात पुढे करीन आणि तो थोडा हलवून दाखवीन. तो म्हणेल, असू दे, असू दे. हे पत्र मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवणार आहे, आणि नंतर बहुधा जाळीन, कारण ते शेजाऱ्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या हाती पडून चालणार नाही. मजकुराचं सोडा, तो कुणी वाचणारही नाही. पण एका बैठकीत लिहिलेली एवढी पानं आहेत, बाबा, आणि त्यातलं एकही अक्षर हललेलं नाही.